मिस व्हर्लिननी राखलेला नवस

मनुष्याचा निश्चय पक्का असेल तर सातही समुद्र त्याच्यापुढे गुडघाभर होतात, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी ग्रेनाडा नावाच्या बेटावर, तळलेल्या सुरमईच्या एका तुकडीकडे बघता बघता तयार केलं. ते तयार होईपर्यंत तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की मोठ्याने बोलून दाखवणं जमलं नाही.

"मी मांस खात नाही," एवढंच म्हणालो.

"बरोबर आहे," मिस व्हर्लिन म्हणाल्या. "हे मांस नाहीच. हा मासा आहे."

मिस व्हर्लिन माझ्या घरमालकीण. साठीच्या, उंच, विधवा (तिथे वयस्कर बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात), आणि गावात कुणाचं कुठे चुकतंय हे तोंडावर सांगण्याचा अधिकार बाळगून असलेल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ कथबर्ट बसला होता. ती सुरमई त्यानेच पहाटे पकडलेली होती आणि तो माझ्या तोंडाकडे दाद मागितल्यासारखा बघत होता.

मी मान हलवली. बाईंनी ताट उचललं आणि दुसरं आणून ठेवलं.

"हे चिकन."

"तेही मांसच झालं."

"मिस्टर राऊळ, मांस म्हणजे गाय आणि डुक्कर. कोंबडी म्हणजे कोंबडी."

तेही ताट गेलं. मग तुरीच्या हिरव्या दाण्यांचं दाट सूप आलं. मला इतका आनंद झाला की मी चमचा बुडवलाही. चमच्याला काहीतरी टणक, वाटोळं लागलं.

"हे काय?"

"काही नाही. शेपटी."

"कुणाची?"

"डुकराची. खारवलेली. पण ती चवीपुरती आहे, खाल्लीच पाहिजे असं नाही."

"आत्ताच तुम्ही म्हणालात की डुक्कर मांसात येतं."

"डुक्कर येतं," कथबर्ट म्हणाला. "शेपटी कुठे येते?"

त्या दिवशी मी पाव आणि केळी जेवलो. पुढचे बरेच दिवस मी पाव आणि केळीच जेवत होतो.

आता, मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे पोराचे दात येतात ते मासळीसाठीच. शाकाहार हा आमच्या घरी सोमवारी यायचा आणि मंगळवारी सकाळी परत जायचा. असा मी समुद्रकाठी बसून सुरमईला नको म्हणत होतो याचं कारण माझी आई.

त्या वर्षीच्या हंगामात बाबा हापूसच्या झाडावरून पडले. कंबरेचा मणका मोडला, ऑपरेशन झालं, आणि चालतील की नाही ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. आई इस्पितळातून थेट गावी गेली आणि रवळनाथासमोर उभी राहिली. म्हणाली, "हेंका पायार उभो कर, माझो झील वर्षभर मासळी-मटणाक शिवाचो नाय." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. मला विचारण्याचा प्रश्न नव्हता. देवाला दुधाचा नैवेद्य दाखवताना कुणी म्हशीला विचारत नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांत माझं परदेशी जाण्याचं पत्र आलं. ग्रेनाडात चक्रीवादळाने जायफळाची बहुतेक झाडं आडवी केली होती. नवी बाग उभी करायला कलमं करणारा माणूस हवा होता, आणि मी दापोलीला शेतकी शिकून तेच काम करत होतो. सहा महिन्यांसाठी जायचं होतं. बाबा खाटेवरूनच म्हणाले, "जा. हय बसान तू माका उभो करूचो नाय."

माझा नवसावर विश्वास होता की नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण मी एक तुकडी खाल्ली आणि बाबा उठलेच नाहीत, तर पुढचं सगळं आयुष्य त्या तुकडीबरोबर काढावं लागलं असतं. एवढं समजायला विश्वास लागत नाही.

त्यात ते बेट म्हणजे आमच्या किनाऱ्याची चेष्टा होती. तेच माड, तीच लाल माती, कुंपणाला तोच अळू, परसात तोच नीरफणस. सकाळी होड्या लागल्या की वाऱ्यावर तोच वास. फरक इतकाच की आमच्याकडे सोमवार तरी असतो.

अडचण अशी होती की मी खरं कारण सांगत नव्हतो. मी तिथे भारतातून आलेला तज्ज्ञ होतो. कृषी खात्याच्या लोकांसमोर फळ्यावर आकृत्या काढत होतो. 'मला आईने नवसाला लावलंय' हे वाक्य इंग्रजीत मनात जुळवून बघितलं, तर ते बारा वर्षांच्या मुलाने शाळेला दांडी मारण्यासाठी सांगितल्यासारखं वाटलं. म्हणून मी मोठी माणसं सांगतात तशी कारणं सांगितली.

"आमच्या धर्मात असतं," मी म्हणालो.

"पलीकडच्या गावात एक हिंदू आहे," मिस व्हर्लिन म्हणाल्या. "बकऱ्याचं कालवण त्याच्यासारखं कुणाला जमत नाही."

"तब्येतीसाठी," मी दुसऱ्या दिवशी म्हणालो.

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी कसल्यातरी पाल्याचा कडू काढा पाजला. वर माशाचं सूपही ठेवलं, कारण आजाऱ्याला त्याच्याइतकं दुसरं चांगलं काही नाही.

"प्राण्यांबद्दल दया," मी शेवटी म्हणालो.

कथबर्टने ताटातला मासा उलटा करून बघितला. "याला आता दयेचा काय उपयोग?" तो म्हणाला. "सकाळी भेटला असतात तर गोष्ट वेगळी."

हळूहळू मिस व्हर्लिनचं बोलणं कमी झालं. ताट पूर्वी अलगद ठेवायच्या, ते आता ठेवल्याचा आवाज व्हायला लागला. मी भात मागितला तर तो यायचा, पण त्यात शेपटीचं पाणी असायचं, कारण त्याशिवाय भात होतो हे तिथे कुणाला पटत नव्हतं. मी भात परत करायचो. कलमं बांधायची सुतळी पँटला बांधायची वेळ आली.

एका शुक्रवारी कथबर्ट मला बाजाराच्या रस्त्यावर घेऊन गेला. शुक्रवारी तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मासळी भाजत, तळत बसतात. धूर, लिंबू, मसाला, गाणी. एका बाईने कागदावर एक तुकडी ठेवून माझ्या हातात दिली. कुरकुरीत, कडेला किंचित करपलेली. मी ती धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, वेंगुर्ला इथून कितीतरी हजार मैल आहे. मग बाबांचा पाय आठवला. निघताना मी पाया पडलो तेव्हा तो थंड होता आणि माझा हात लागलेला त्यांना कळला नव्हता.

मी तुकडी कथबर्टला देऊन टाकली. त्याने ती खाल्ली, पण नेहमीच्या आनंदाने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस व्हर्लिन स्वयंपाकघरात हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मिस्टर राऊळ, सोमवारी मी कृषी खात्यात जाणार आहे. तुमची दुसरीकडे सोय करा म्हणून सांगणार. माझ्या घरातून माणूस उपाशी बाहेर पडलेला मला चालत नाही. माझी आईही याच घरात लोकांना जेवू घालायची."

दुसरी सोय म्हणजे राजधानी. तिथून रोपवाटिकेपर्यंत रोज येणं-जाणं जमणार नव्हतं. कलमं वाळली असती आणि मला परत पाठवलं असतं. पण त्या क्षणी मला त्यातलं काही सुचलं नाही. बाईंचा आवाज कापत होता, तेवढंच ऐकू आलं. मी सांगून टाकलं. झाड, बाबा, इस्पितळ, देऊळ, आई काय म्हणाली ते सगळं. सांगताना मी गॅसच्या शेगडीकडे बघत होतो.

बाईंनी शेगडी बंद केली.

"थांबा. तुमच्या आईनं देवाला शब्द दिलाय?"

"हो."

"तुमच्या वतीनं?"

"हो."

"तुम्हाला विचारून?"

"नाही."

"आया कशाला विचारतील," कथबर्ट दारातून म्हणाला.

"तू गप्प बस." बाई खुर्चीवर बसल्या. "आणि वडील अजून उठलेले नाहीत."

"नाहीत."

हातातलं फडकं टेबलावर टाकलं. मग म्हणाल्या, "अरे गाढवा, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मला वाटत होतं, तुला आमच्या हातचं घाण वाटतं."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं. पण त्या दिवसापासून बाई मला 'तू' म्हणत होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नवस मी पाळत होतो तोवर ती माझी खाजगी गैरसोय होती. मिस व्हर्लिननी तो हातात घेतल्यावर ते सार्वजनिक काम झालं. त्यांनी दोन पातेली परसात नेऊन राखेने आणि लिंबाने घासली, उन्हात वाळवली, आणि त्यांना हात लावायचा नाही असं कथबर्टला बजावलं. रविवारी चर्चमध्ये उभं राहून माझी सगळी कहाणी सांगितली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून बाबांसाठी प्रार्थना केली. बाबांचं नाव सदानंद. ते पाद्र्याला नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक खेपेला आमचे शेजारी देवाला पुन्हा समजावून सांगत होते की नेमका कोण.

पुढच्या शुक्रवारी मी बाजाराच्या रस्त्याने जायला लागलो तर तीच तळणारी बाई झारा उगारून धावून आली.

"ए! इथे काय काम तुझं? चल, त्या बाजूने जा. बापाचा काही विचार आहे की नाही?"

"मी नुसता चाललोय."

"वासही घ्यायचा नाही!"

वासाबद्दल आई काही बोलली नव्हती, पण मी वाद घातला नाही.

पुढचा धक्का कथबर्टने दिला. तो बेकरीतून धापा टाकत आला आणि म्हणाला, "व्हर्लिन, पाव! तो पावात डुकराची चरबी घालतो!"

मी तेव्हा पावच खात होतो. गेले कित्येक आठवडे मी पावाच्या आधाराने नवस सांभाळत होतो. मी हिशोब करायला लागलो, पहिला पाव कधी खाल्ला आणि त्यानंतर आईने फोनवर काय सांगितलं. बाबांची हालचाल नाही, असंच ती दर वेळी सांगत होती.

मिस व्हर्लिननी माझ्या हातातला पाव काढून घेतला.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग ते तुला नाही, मला लागतं. घर माझं, टेबल माझं. त्याला मी सांगते काय ते." 'त्याला' म्हणजे वरच्याला. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून त्यांचा आवाज येत होता. तो माफी मागणाऱ्या माणसाचा आवाज मुळीच नव्हता, झालेला घोटाळा समजावून देणाऱ्याचा होता. बाहेर येऊन त्यांनी टोपी घातली आणि त्या बेकरीकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा पाव खोबरेल घालून वेगळा भाजला जायला लागला. त्याच्यावर चाकूने छोटं 'आर' काढलेलं असायचं.

पण गावात खरी फूट पडली ती ऑइल-डाउनवरून. ऑइल-डाउन हा त्या बेटाचा सगळ्यात लाडका पदार्थ. मोठ्या हंड्यात नीरफणसाच्या फोडी, खारवलेलं मांस, वर अळूची पानं दाबून बसवायची, नारळाचं दूध आणि ओली हळद घालायची, आणि दूध आटून तेल सुटेपर्यंत शिजवायचं. रविवारी सगळी आळी मिळून एका हंड्यात करते. कुणी फणस आणतो, कुणी नारळ, कुणी शेपट्या.

"या रविवारी शेपट्या नाहीत," मिस व्हर्लिननी जाहीर केलं.

"मग या रविवारी ऑइल-डाउन नाही," कथबर्ट म्हणाला. "शेपटीशिवाय ऑइल-डाउन म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न."

"नवऱ्याचं लग्नात काय काम असतं? तुझ्या लग्नात तू हंड्यामागे झोपला होतास. तरी झालंच ना?"

"त्याच्यासाठी वेगळं छोटं कर."

"माणसाला वाळीत टाकल्यासारखं वेगळं वाढू? एक आळी, एक हंडा."

मी मध्ये पडून म्हणालो की वेगळं चालेल. दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलं.

रविवारी आळीतली सगळी माणसं हंड्याभोवती जमली. एखाद्या आजाऱ्याला बघायला आल्यासारखे चेहरे होते. एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या खिशातून शेपटी काढून आत टाकण्याच्या तयारीत सापडले, त्यांना दूर बसवण्यात आलं. मी मिस व्हर्लिनना अळूचे देठ सोलून घ्यायला सांगितलं, नाहीतर घसा खाजतो. त्या म्हणाल्या, "हे तू मला सांगतोस?" आणि आपण आधीच सोललेले देठ दाखवले. मग मी विचारलं की थोडी मिरची जास्त घालू का. ती त्यांनी घालू दिली.

झाकण काढलं. अळू, नारळ, हळद, नीरफणस. मी पहिला घास घेतला आणि चमचा तसाच हातात धरून बसलो. आमच्याकडे श्रावणात आई हेच करते. हंडा लहान असतो आणि वर चिंचेचा कोळ असतो, एवढंच.

"काय झालं?" मिस व्हर्लिननी घाबरून विचारलं. "रडतोस काय? काय राहिलं त्यात?"

"मिरची जास्त झाली," मी म्हणालो.

"तूच घातलीस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी वाढलं.

कथबर्ट तीनदा जेवला. चवीबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. हंड्याचं बूड खरवडताना मात्र तो इतका वाकला होता की त्याची टोपी आत पडली.

त्यानंतर प्रत्येक रविवारी शेपटीशिवाय हंडा लागला. सगळी आळी माझ्या बापासाठी मिळमिळीत जेवत होती. मिळमिळीत हा त्यांचा शब्द. सकाळी रोपवाटिकेकडे जाताना प्रत्येक दारातून एकच प्रश्न यायचा, "म्हातारा उठला का?" मी मान हलवायचो. "उठेल," ते म्हणायचे, आणि परत आत जायचे.

मग एका शनिवारी आई फोनवर म्हणाली, "हेंनी आज पायाचो अंगठो हलवल्यानी." महिन्याभराने बाबा वॉकर धरून पडवीपर्यंत आले. ही बातमी मी स्वयंपाकघरात सांगितली आणि पाणी पिऊन बाहेर येईपर्यंत ती गावभर झाली होती. तळणाऱ्या बाईने रस्त्यातच मला मिठी मारली. तिच्या हाताला मासळीचा वास होता, हे तिच्या लक्षात आलं आणि ती चटकन दूर झाली. "वर्ष पुरं व्हायचंय ना अजून?" ती म्हणाली. "सांभाळ."

जायफळाच्या कलमांना पालवी फुटली होती. माझे महिने संपले. निघायच्या दिवशी मिस व्हर्लिननी आईसाठी जायफळाच्या फळाचा मुरंबा दिला, दोन बाटल्या, कपड्यांत गुंडाळून. त्या विमानतळापर्यंत आल्या. तिथे माझ्या शर्टची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, तिचा शब्द इथे कुणी मोडू दिला नाही."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांना वाटलं काहीतरी खाली पडलंय, म्हणून त्याही शोधायला वाकल्या.

घरी पोचलो तर बाबा काठी टेकत बेड्यापर्यंत, म्हणजे आमच्या फाटकापर्यंत, घ्यायला आले होते. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आत जाऊन बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या आणि मिस व्हर्लिनचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. पातेली, पाव, शेपट्या, सगळं सांगितलं. आईने पदर डोळ्यांना लावला. मग जराशा अवघडल्या सुरात म्हणाली, "पण झिला, तां सगळा कित्याक केलात?"

"कित्याक म्हणजे? नवस..."

"अरे, तू जावच्या आदीच मी देवाक कौल लावलंय. गुरव म्हणालो, देवाची हद्द वव्हाळापर्यंत. वव्हाळापलीकडे कोण काय खाता तां देव बघना नाय."

आमच्या गावाचा ओहोळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"माका वाटला, तू आपल्या मनान पाळतंस. चांगला करता म्हणान गप रवलंय."

बाबा खाली मान घालून काठीचं टोक बघत होते.

"म्हणजे आता सुटलंय मां मी?"

"सुटतलंस कसो?" आई म्हणाली. "तकडचे म्हयने देवान बघूकच नाय. आता हयसून वरस धर." जाण्याआधीचे आठवडे मात्र गुरवाने मोठ्या मनाने धरले होते.

आईने मुरंब्याची बाटली उघडली, बोटाने चाखली, आणि बाटली देवाजवळ नेऊन ठेवली. "त्या बायेक कायतरी पाठवूक होया," ती म्हणाली. "कोकमा पाठवया. आणि कुळथाची पिठी. ती डुकर-बिकर घालतली त्यात, पण घालूंदे."

मग तिने पानं घेतली. बांगड्याचं तिखलं होतं. मी वरण-भात जेवलो.